एका शब्दाचे सात दिवस

केतकी वेळापुरेने त्या मंगळवारी दुपारपर्यंत एका बाईला सात वेळा शिव्या घातल्या होत्या, आणि गंमत अशी की ती बाई मुळात अस्तित्वातच नव्हती. ती ‘अभेद्य’ नावाच्या हार्डवेअर वॉलेटची, म्हणजे डिजिटल पैसा जपणाऱ्या पेटीची, हेल्पलाइन होती. आवाज गोड, मराठी शुद्ध आणि डोकं दगडाचं.

“आपला संयम आमच्यासाठी मोलाचा आहे,” ती आठव्यांदा म्हणाली.

“मग घेऊन टाक की सगळा! माझ्याकडं उरलाय कुठं?” केतकी फोनवर ओरडली.

समोर बांगड्या भरून घेत बसलेली बाई दचकली, तिने हात मागे ओढला आणि केतकीच्या वडिलांच्या, अण्णांच्या बोटांतली हिरवी बांगडी कटकन गेली.

“वाढली,” अण्णा म्हणाले. त्यांनी तुकडे गोळा करून शेजारच्या डब्यात टाकले आणि दुसरी बांगडी घेतली. बार्शीच्या बाजारपेठेतल्या या कासाराच्या दुकानात चार पिढ्यांत एकही बांगडी फुटली नव्हती. सगळ्या वाढल्या होत्या. कुणी गिऱ्हाईक चुकून ‘फुटली’ म्हणालं, तर दिगंबरअण्णा वेळापुरे हातातलं काम थांबवून त्याला सुधारायचे आणि मगच पुढचं बोलायचे.

डब्यातले ते तुकडे रात्री पोत्यात जायचे आणि पोतं माळ्यावर. दोन वर्षांत माळ्यावर एकोणतीस पोती झाली होती. केतकीचं सगळं आयुष्य सध्या त्या पोत्यांत भरलेलं होतं. ती काचेचं शास्त्र शिकलेली मुलगी. पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. वाढलेल्या बांगड्यांची काच विजेच्या छोट्या भट्टीत पुन्हा वितळवून, तिचा रंग न बिघडवता नव्या बांगड्या ओढता येतात, हे तिने तिथे करून पाहिलं होतं. सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत येमूल नावाचे एक म्हातारे कारखानदार आपली भट्टी गाळ्यासकट विकत होते. त्यांनी तिला पुढच्या शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर ती भट्टी हैदराबादच्या एका माणसाला जाणार होती, आणि तशी भट्टी पुन्हा मिळणं कठीण होतं.

भट्टीपुरती पुंजी अण्णांजवळ होती. दोन वर्षांपासून ते म्हणत होते, “वेळ आली की देतो.” ती वेळ आज सकाळी आली होती. अण्णांनी गल्ल्यातल्या त्या ‘अभेद्य’ पेटीपुढे तोंड नेऊन स्वच्छ आवाजात सांगितलं होतं, “सोडव.” पेटी सात दिवस थांबायला लावते, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून तर केतकीने दहा दिवस आधीच सांगायला लावलं. पेटीच्या नखाएवढ्या पडद्यावर आकडा उमटला. तो सात नव्हता.

४२७७ दिवस. म्हणजे अकरा वर्षं आणि वर साडेआठ महिने.

*

पेटी आली कशी, ते सांगायला हवं. अडीच वर्षांपूर्वी एका दुपारी अण्णांना फोन आला. पलीकडचा माणूस पोलीस असल्याचं सांगत होता. त्याने अण्णांना चार तास फोनवरून उठू दिलं नाही, आणि त्या चार तासांत अण्णांनी स्वतःच्या हाताने बँकेतलं खातं रिकामं करून त्याला दिलं. केतकी पुण्याहून धावत आली ती सहा महिन्यांसाठी. आई आधीच गेलेली, घरात अण्णा एकटे. सहा महिन्यांची अडीच वर्षं झाली.

त्यानंतर वडिलार्जित जागेचे पैसे आले, तेव्हा अण्णांनी एकच अट घातली. “असं काहीतरी बघ, की मला कुणी फसवलं, धमकावलं, तरी माझ्या हातनं पैसा निघता कामा नये.”

तोवर क्रिप्टोचं नाणं सरकारमान्य होऊन चांगलं रुळलं होतं; केतकीने सगळा पैसा त्यात घातला. हे नाणं कुठल्याच पेटीत नसतं. कुणाचं नाणं किती, याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते. ते हलवायचं तर मालकाची गुप्त किल्ली लागते. किल्ली म्हणजे एक प्रचंड लांब आकडा. हार्डवेअर वॉलेट ती किल्ली पोटात ठेवतं आणि कधीच बाहेर काढत नाही. जणू व्यवहाराचा कागद आत द्यायचा, आतून अंगठा उठवून बाहेर येतो. अंगठा उठवणारा कोण, ते कुणाला दिसत नाही. पेटी फोडली तर किल्ली पुसली जाते.

चोर काही कमी हुशार नव्हते. पेटी फुटत नाही म्हटल्यावर ते मालकाची बोटं मोडायला लागले. मग कंपन्यांनी त्यावर तोड काढली, ती उशिराची. मालकाने मागितलं तरी पेटी लगेच देणार नाही, सात दिवस थांबवेल. आणि चोराने सात दिवस डांबून ठेवलं तर? त्यासाठी एक गुपित शब्द. पेटी मालकाचा आवाज ओळखते. नुसता सूर नव्हे, घसा आणि नाकाच्या पोकळीचा आकार, श्वासाची ठेवण, सगळं. त्या आवाजात तो शब्द कानी पडला, की मुदत गुपचूप सात दिवसांनी लांबते. पडदा उजळत नाही, दिवा लागत नाही, कारण समोर सुरा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते कळता कामा नये. आणि मुदत कमी करायला सांगितलं, तर तेही आधीची पूर्ण मुदत संपल्यावरच होतं. नाहीतर चोर तेच सांगायला लावेल.

फार विचार करून बनवलेली चीज होती. अण्णांना तर ती इतकी पटली, की त्यांनी तिला हळदकुंकू लावून गल्ल्यात लक्ष्मीशेजारी बसवलं.

*

“तुम्हीच केलंत हे,” शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर केतकी म्हणाली.

“मी काय केलं?”

“मुदत वाढवून ठेवलीत. मी सोलापूरला जाऊ नये म्हणून.”

अण्णा बांगड्यांचे तोडे रंगवार लावत होते. त्यांचा हात थांबला. “त्या डबीत बटण कुठं हाय, ते तरी मला ठाव हाय का?”

“तुमच्या आवाजाशिवाय ती काहीच करत नाही, अण्णा! मग काय भुतानं सांगितलं तिला?”

“मला काय ठाव? यंत्र हाय, बिघडलं आसंल.”

“तुम्हाला कधीच काही ठाऊक नसतं. फोनवर चार तास कोण होता तेही ठाऊक नव्हतं.”

हे बोलायला नको होतं. अण्णांनी मान खाली घातली आणि लाल तोडे हिरव्यांत मिसळून टाकले. गल्लीतले दिवे लागले होते. शेजारच्या साडीवाल्या गुगळेंनी आवराआवर सुरू केली, तसे अण्णा गादीवरून उठले, देवाला हात जोडले आणि रोजच्यासारखे तिच्याकडे न बघता म्हणाले, “केतके, दुकान वाढव.”

केतकीने शटर असं ओढलं, की समोरच्या हॉटेलातले लोक वळून बघायला लागले.

बुधवारी पहाटे पुण्याला निघताना अण्णांनी पेटी गल्ल्यातून काढून तिच्या हातात दिली, तेव्हा तिने पडद्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. एक दिवस उलटला होता. आकडा एकाने कमी व्हायला हवा होता. तो झाला होता ४२८३. एका रात्रीत सहाने जास्त.

*

पुण्यात कंपनीच्या सेवा केंद्रात सौमित्र अभ्यंकर नावाचा तरुण इंजिनिअर होता. नम्र होता, पाणी विचारलं, खुर्च्या दिल्या. अशा नम्र माणसावर चिडताही येत नाही, याचीच केतकीला जास्त चीड आली.

“तुम्ही आतून उघडू शकत नाही का?”

“किल्ली आमच्याकडे नसतेच, मॅडम. आमची सगळी जाहिरातच त्यावर आहे.” त्याने पेटी वाचनयंत्रावर ठेवली. “पण नोंदी दाखवू शकतो. मुदत लांबवण्याचा गुपित शब्द... बापरे. सहाशे अकरा वेळा वापरलाय.”

“सहाशे अकरा?”

“आवाज मालकाचाच. वेळ बघा. रोज संध्याकाळी आठ वीस ते आठ पंचेचाळीसच्या दरम्यान. सोमवार सोडून.” त्याने अण्णांकडे जरा भीतीने पाहिलं. “काका, रोज संध्याकाळी तुम्हाला कुणी धमकावतं का?”

“मला कोण धमकावणार? सोमवारी आमचं दुकान बंद... आपलं, सोमवारी सुट्टी आसती.” अण्णांनी जीभ चावली.

केतकी खुर्चीतून पुढे सरकली. “शब्द कोणता आहे?” तिने विचारलं, पण तिला उत्तर आलेलं होतं.

“शब्द आपण स्वतः निवडायचा असतो. नाही निवडला तर आमचा ठरलेला राहतो. मराठीत तो आहे ‘वाढव’. मुदत वाढव, या अर्थी.”

“आणि कासार रोज दुकान काय करतो?”

“काय करतो?”

“अहो, ‘दुकान वाढव’ आसंच म्हणत्यात की!” अण्णा न राहवून बोलले.

पडद्यावरचा आकडा मुकाट्याने ४२९० झाला.

“अण्णा, बोलू नका!”

“पर मी काय वाईट बोललो? ‘वाढव’ म्हंजे—”

४२९७.

केतकीने चक्क वडिलांच्या तोंडावर हात ठेवला. पेटी वाचनयंत्रावर आज्ञाधारकपणे बसलेली होती, पुढच्या शब्दासाठी कान देऊन.

“पण मला वाटलं दुकान वाढवणं म्हणजे दुकान मोठं करणं,” सौमित्र दबक्या आवाजात म्हणाला. त्याने तो शब्द उच्चारला तरी आकडा हलला नाही; त्याच्या घशाशी पेटीला काही देणंघेणं नव्हतं.

“तुमच्या घरी कुणाची बांगडी कधी वाढली नाही का? दिवा? नारळ?”

“आई घड्याळ घालते,” तो ओशाळून म्हणाला. “आमच्या भाषा विभागात सहा जण होते, मॅडम. सगळे मराठी. कुणाच्याच लक्षात नाही आलं.”

केतकीला हसू येत होतं आणि समोरचं टेबल उलथून टाकावंसंही वाटत होतं. सहा मराठी माणसं, आणि एकालाही संध्याकाळी दुकान कसं मिटतं ते ठाऊक नाही. घरबसल्या सगळं दारात येतं, मग दुकानदाराच्या तोंडचा शेवटचा शब्द ऐकणार कोण?

“हा शब्द बदलायची संधी तरी द्यायची होतीत तुम्ही माणसाला,” ती म्हणाली.

“देतो की. पेटी पहिल्यांदा सुरू करताना ते पान येतंच. लाल अक्षरांत. हा शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यात येतो का, असा प्रश्नही असतो.” त्याने नोंदी पार तळापर्यंत सरकवल्या. “हे बघा. ते पान उघडलं आणि दीड सेकंदात ‘पुढे’ दाबलं गेलं.”

पेटी सुरू केतकीने केली होती. दुकानातच, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. अण्णा विचारत होते, “काय लिवलंय गं त्यात?” आणि ती म्हणाली होती, “काही नाही हो, नेहमीचंच असतं.” तिच्या अंगठ्याने पुढे, पुढे, पुढे दाबलं होतं. तिला तो दिवस लख्ख आठवला. काचेचं तापमान ती अर्ध्या अंशापर्यंत मोजायची, आणि लाल अक्षरांतलं एक पान तिने वाचलं नव्हतं.

तिने हळूच अण्णांकडे पाहिलं. काल तिने त्यांच्यावर आळ घेतला होता. आता त्यांनी दोन शब्द सुनावले असते, तर तिला बरंच वाटलं असतं. पण अण्णा पेटी रुमालात गुंडाळत होते. परतीच्या वाटेवर टेंभुर्णीला बस थांबली, तेव्हा त्यांनी तिला चहा आणून दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले.

*

पुढचे दिवस वाईट गेले. बँकेचा मॅनेजर क्रिप्टो तारण ठेवून कर्ज द्यायला तयार होता, पण नाणं अकरा वर्षांनी हाती येणार म्हटल्यावर त्याने चष्मा काढून पुसला आणि केतकीला लग्नाबद्दल विचारलं. सौमित्रचा रोज एक माफीचा संदेश यायचा. येमूलकाका फोनवर म्हणाले, “पोरी, तुलाच द्यायची इच्छा हाय, पण शुक्रवारच्या पुढं मला जमणार नाय. मुलगा अमेरिकेची तिकिटं काढून बसलाय.”

“पेटी घरी ठेवा, कपाटात,” केतकीने अण्णांना सांगितलं होतं.

“लक्ष्मी गल्ल्यातनं कायमची उठवायची नसती,” ते म्हणाले, आणि पेटी होती तिथेच बसली.

त्यामुळे संध्याकाळ झाली की रोज एक तमाशा व्हायचा. पंचावन्न वर्षं जिभेवर बसलेला शब्द अण्णांच्या ओठापर्यंत यायचा, आणि ते खोकून तो गिळायचे. मग हनुवटीने शटरकडे खूण करायचे. देवाला हात जोडून झाल्यावर काही न बोलता दुकान मिटायचं, याचा त्यांना इतका त्रास होत होता की रात्री जेवण जाईना. केतकीला ते दिसत होतं आणि तिची चिडचिड आणखी वाढत होती. त्यांच्यावर चिडावं, तर चूक तिची. स्वतःवर चिडून भट्टी मिळत नव्हती. माळ्यावर काचांची एकोणतीस पोती होती, आणि तिने मनाशी हिशेब केला तो पोत्यांचा नव्हता. रोज संध्याकाळी एक शब्द ऐकून आपण शटर ओढत होतो, आणि प्रत्येक शटरसरशी आपलं सोलापूर सात दिवस लांब जात होतं. सहाशे अकरा वेळा, आपल्याच हाताने.

मुदतीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी अण्णा न सांगता कुठेतरी जाऊन आले. संध्याकाळी गर्दी नव्हती. एका नव्या नवरीचा चुडा भरून झाला. अण्णांनी तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, गादी झटकली, दिव्याला नमस्कार केला. केतकी हनुवटीच्या खुणेची वाट बघत शटरपाशी उभी राहिली.

“केतके,” अण्णा म्हणाले. “दुकान बंद कर.”

तिला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. शेजारून गुगळे आपल्या पायरीवरून बघत होते, तेही हलले नाहीत.

“अण्णा, काय बोलताय?”

“खरं तेच बोलतोय. रोजच्यासारखं मिटायचं आसतं, तर रोजचा शब्द गिळला आसता. हे तसं न्हाई. बंदच हाय.” त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. “गुगळे धा वर्षं मागायला लागलेत ही जागा. दिली. त्यांनी इसाराचे पैसे दिले, ते दुपारीच येमूलला पोचले. उद्या तू जाऊन सही करायची, बास.”

केतकीला रडू आलं नाही. ती भडकली. “मला न विचारता? चार पिढ्यांचं दुकान, आणि मला न विचारता विकलंत?”

“तू मला इचारून ‘पुढं’ दाबलं व्हतंस व्हय?”

अण्णा गादीच्या कडेला बसले.

“त्या दिवशी तू म्हणालीस, मी मुद्दाम केलं. मुद्दाम न्हाई केलं. पर एक सांगतो. रोज सांजच्याला तू हितं उभी राहून शटर ओढायलीस, ते बघून मला बरं वाटायचं. वाटायचं, अजून एक दिवस हाय पोरगी हितंच. तोंडानं कधी बोललो न्हाई. त्या मुडद्या पेटीला तेवढंच कसं काय ऐकू आलं, कुणास ठाव.”

“अहो, तिला काही कळत नाही, अण्णा. ते नुसतं यंत्र आहे,” केतकी म्हणाली.

“व्हय. यंत्रच हाय.” त्यांनी गल्ल्यातून पेटी काढली, कुंकवाचा डाग अंगठ्याने पुसला आणि तिच्या हातात दिली. “अकरा वर्सांनी उघडंल. तवर हिला माझ्यापास्नं लांब ठेव. भट्टीवर मला एक स्टूल टाक. काच कुठली आन् रंग कुठला, ते तुझ्या यंत्राच्या आधी मी सांगंन.”

पडद्यावर ४२८९ होते. गेल्या आठ दिवसांत पेटीने पहिल्यांदाच इमानाने एकेक दिवस कमी केला होता.

“आता वड की शटर,” अण्णा म्हणाले. “म्हणालो न्हवं, बंद कर म्हणून?” तो शब्द दुसऱ्यांदा म्हणताना त्यांना जास्त जड गेला. त्यांनी तोंड फिरवून भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्या मोजायला घेतल्या.

केतकीने शटरच्या कडीला हात घातला आणि तिचा हात तिथेच राहिला. या चौकटीत उभं राहून तिने हजार वेळा चिडून, कंटाळून, घड्याळाकडे बघत हेच केलं होतं. आज तिला ते जमेना. पेटी तिच्या डाव्या हातात होती, ऐकत.

“वाढवते, अण्णा,” ती म्हणाली.

आकडा हलला नाही. तो मालकाचा आवाज नव्हता. अण्णांनी डोळे पुसले, चपला पायांत घातल्या आणि ते पायरी उतरले. मग केतकीने शटर खाली ओढलं, हळू, आवाज न करता.